ब्रह्मदेशातून आलेली जपानी तलवार: मूठ निघत नाही, पात्यावर गंज. कुठून सुरुवात करावी?

सज्जनगड

नमस्कार. घरात एक जपानी लष्करी तलवार आहे, १९४५ मध्ये ब्रह्मदेशातून आलेली. म्यान धातूचं, वर हिरवट खाकी रंग. मुठीवर तपकिरी फीत तिरप्या चौकटींनी गुंडाळलेली आणि चौकटींतून पांढरी खरखरीत कातडी दिसते. मुठीच्या व म्यानाच्या धातूवर चेरीची फुलं. परजेपासून (मूठ आणि पातं यांच्यामधल्या चकतीपासून) टोकापर्यंत सरळ रेषेत साधारण ६४ सेंमी.

प्रश्न असे:
१. मूठ निघते असं वाचलं, पण जागची हलत नाही.
२. पात्यावर काळे डाग आणि टोकाकडे लाल गंज आहे. साफ कसा करावा?
३. भारतात पॉलिश करून मिळेल का, की जपानला पाठवावी लागेल?
४. सोबत एक सुटी परज आहे, ६.८ सेंमीची. मधला भाग पिवळट चकचकीत, कडेला निळसर काळी. कोणीतरी घासलेली दिसते. ती पुन्हा काळी करता येईल का?

तलवार विकायची नाही. नीट टिकावी आणि ती नेमकी काय आहे ते कळावं, एवढंच.

---

रांगडा_गडी

एवढा विचार कशाला? गंजाला चिंच किंवा लिंबू लावून रात्रभर ठेवा, सकाळी पितांबरीने घासा. राहिलेलं शिकलगार बफवर काढून देईल. आरशासारखी होईल.

---

धातुवेडा

सज्जनगड, वरचा सल्ला कृपया अमलात आणू नका. कारण सांगतो, नाहीतर कुणीतरी दुसरा हेच करून बसेल.

चिंच-लिंबाचं आम्ल गंजाबरोबर चांगलं पोलादही खातं, आणि जपानी पात्यात धारेचा भाग कडक व वरचा भाग मऊ असल्याने दोन्ही वेगवेगळ्या वेगाने खातं. बफिंग त्याहून वाईट. या पात्याला सपाट पृष्ठं असतात आणि त्यांच्यामधून टोकापर्यंत एक स्पष्ट कणा धावतो, त्याला शिनोगी म्हणतात. बफचं चाक ती रेघ गोल करून टाकतं. ती परत आणायची तर सगळ्या पात्यावरून पोलाद उतरवावं लागतं, आणि जुन्या पात्यात उतरवायला पोलाद शिल्लक नसतं. शिवाय चाकाखाली धार तापते. पाणी पाजून आलेला कडकपणा दीड-दोनशे अंशांनंतर उतरायला लागतो आणि तो कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. आपल्याकडच्या शिकलगारांच्या हातात कसब आहे, पण ते वेगळ्या जातीच्या तलवारींचं.

आता मुठीकडे. तुमच्या वर्णनावरून हा सैन्यातल्या अधिकाऱ्याचा गुंतो, म्हणजे लष्करी तलवार आहे, बहुधा १९३८ साली आलेल्या ९८ नमुन्याचा साज (मूठ, परज, म्यान). पण साज लष्करी म्हणून पातं लष्करी असेलच असं नाही. कारखान्यात निघालेली पाती या साजात आहेत, तशीच घराण्यातली तीन-चारशे वर्षांची पातीही याच साजात घालून अधिकारी लढाईवर गेले. फरक मुठीच्या आतच कळतो, म्हणून मूठ काढणं हे पहिलं काम. पॉलिशचा विचार त्यानंतर.

मुठीत पातं धरून ठेवते ती बांबूची खुंटी, मेकुगी. परजेपासून साधारण ५-६ सेंमीवर, फितीच्या एका चौकटीत तिचं गोल डोकं दिसेल. ती निमुळती असते. बारीक टोकाच्या बाजूने ३ ते ४ मिमी जाडीची, सपाट टोकाची पितळी सळई टेकवा, लाकडी हातोडीने हलकेच ठोका, म्हणजे ती जाड बाजूने बाहेर येते. उलट बाजूने ठोकलीत तर आणखी आवळेल. लोखंडी खिळा वापरू नका, खुंटी फुटते आणि भोकाची कडा चेपते. काही गुंतोंना दोन खुंट्या असतात, काहींना एक खुंटी आणि मुठीच्या मागच्या टोकाकडे स्क्रू. दुसरी राहून गेली तर जन्मभर ठोकत बसलात तरी मूठ येणार नाही, म्हणून आधी दोन्ही बाजू टॉर्चने पाहून घ्या.

खुंटी निघाल्यावर जाड गादीपाशी बसा. टोक वर, तलवार किंचित तिरपी, डाव्या हाताने मुठीचं अगदी खालचं टोक घट्ट. उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोसे मारा. पातं थोडं थोडं वर उसळतं. एकदा सैल झालं की ठोसे हलके करा, नाहीतर ते मुठीतून सुटून उडतं.

तरी हललं नाही तर कारण दोनांपैकी एक असतं. मुठीचं लाकूड दमटपणाने फुगलंय, किंवा आतल्या लोखंडाचा गंज वाढून लाकडात रुतलाय. पावसाळ्यात हे काम काढूच नका. तलवार मुठीसकट बंद पेटीत अर्धा किलो सिलिका जेलबरोबर तीन-चार आठवडे ठेवा. पेटीत छोटं आर्द्रतामापक टाका. ४५ टक्क्यांच्या आसपास राहू द्या, ४० च्या खाली नको, जुनं लाकूड आणि मुठीवरची माशाची कातडी तडकते.

नंतर ठोकळ्याची पद्धत. कठीण लाकडाचा २० सेंमी लांबीचा ठोकळा घ्या, त्याच्या एका टोकाला साधारण १२ मिमी रुंद आणि ४ सेंमी खोल खाच करा. ही खाच हाबाकीच्या, म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्याच्या, दोन्ही अंगांनी बसली पाहिजे. हाबाकीला धक्का न लागता ठोकळा परजेवर टेकला पाहिजे. मध्ये चामड्याचा तुकडा ठेवा. दुसऱ्या माणसाने जाड कापडात गुंडाळलेलं पातं धरायचं आणि तुम्ही मुठीच्या दिशेने ठोकायचं, एक ठोका धारेच्या बाजूला, एक पाठीच्या. एकाच बाजूला ठोकत राहिलात तर मूठ तिरकी होऊन लाकूड चिरतं. एका ठोक्याला अर्धा मिलिमीटर सरकली तरी पुरे.

गंज सोडवणारा स्प्रे मुठीत मारायचा मोह होईल. मारू नका. तो लाकडात आणि कातडीच्या सरसात शिरतो, सरस सुटतो, आणि वर्षानुवर्षं पात्यावर पाझरत राहतो.

मूठ निघताना परजेच्या दोन्ही बाजूंच्या पातळ चकत्यांचा क्रम लिहून फोटो घ्या. त्यांना सेप्पा म्हणतात. या नमुन्यात त्या सहा-आठसुद्धा असतात, जाडी वेगवेगळी, आणि क्रम चुकला की परज खुळखुळते. त्यांच्यावर क्रमांक ठोकलेले असतील तर तेही टिपा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मुठीतून जो काळा भाग बाहेर येईल, नाकागो, त्याला काहीही लावू नका. ब्रश नाही, सॅंडपेपर नाही, गंजनाशक नाही. तिथला काळा गंज हा त्या तलवारीचा जन्मदाखला आहे. त्याच्या रंगावरून आणि पोतावरून वय ठरतं. तो घासलेल्या पात्याची निम्मी किंमत आणि बहुतेक सगळा पुरावा गेलेला असतो.

---

बेळगाव_नाका

धातुवेडांच्या पोस्टनंतर फार बोलायला उरलं नाही. फक्त साताऱ्यात अशी तलवार निघाली याचं कुणाला आश्चर्य वाटू नये. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची ४/५ बटालियन लढली होती. पुढे १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळी जपानी अधिकाऱ्यांकडून तलवारी काढून घेतल्या गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच पलटणींतून घरोघरी पोचल्या.

कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ खाली तलवारीला परवाना सरसकट लागत नाही. कलम ४ ची अधिसूचना ज्या भागाला लागू आहे तिथे लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्या, जमलं तर लेखी. घराबाहेर नेताना मात्र वेगळी गोष्ट: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश सतत निघत असतात, सणासुदीला हमखास. कारागिराकडे किंवा छायाचित्रकाराकडे न्यायची असेल तर त्या दिवशी आदेश लागू आहे का हे ठाण्यात विचारूनच न्या.

---

गिफूकर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्यात बरेच जण फसतात.

भारतातून जपानला पाठवण्यात दोन दारं आहेत आणि ती एकमेकांच्या उलट उघडतात. भारतात पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरते, आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू जपानी आहे म्हणून सूट नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घेऊन पाठवता येते.

जपानच्या बाजूला उलट. तिथे पारंपरिक पद्धतीने घडवलेल्या तलवारीचीच प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे नोंदणी होते. ही पद्धत १९५१ पासून आहे. युद्धकाळातली कारखान्याच्या पोलादाची, तेलात विझवलेली पाती, ज्यांना शोवातो म्हणतात, नोंदली जात नाहीत, म्हणजे देशात राहूच शकत नाहीत. विमानतळावरच अडकू शकतात.

हिशेब असा झाला: पातं जुनं आणि चांगलं असेल तर भारतातून निघत नाही, नवं आणि कारखान्याचं असेल तर जपानात शिरत नाही. मधली फट एकच, गेल्या शंभर वर्षांत पारंपरिक रीतीने घडवलेली पाती. म्हणून आधी पातं ओळखा.

भारतात जपानी पद्धतीचा प्रशिक्षित पॉलिशर माझ्या माहितीत नाही. 'सामुराई तलवार पॉलिश' म्हणून जाहिराती दिसतात, त्या सॅंडपेपरच्या आहेत. खरं तोगी, म्हणजे जपानी पद्धतीचं पॉलिश, काय असतं ते थोडक्यात लिहितो, म्हणजे फरक कळेल. आधी जाडे दगड: आरातो, बिन्सुई. यात आकार दुरुस्त होतो. मग काइसेई, चू-नागुरा, कोमा-नागुरा; प्रत्येक दगडाचं काम आधीच्या दगडाचे ओरखडे पूर्ण घालवणं, आणि दर वेळी घासण्याची दिशा बदलतात म्हणजे राहिलेला ओरखडा उघडा पडतो. त्यानंतर क्योतोजवळचा उचिगुमोरी, धारेसाठी वेगळा, वरच्या भागासाठी वेगळा. इथपर्यंत पाया. पुढे नखाएवढ्या पातळ दगडाच्या चकत्या कागदावर चिकटवून अंगठ्याने फिरवायच्या, मग लोहभस्म तेलात कालवून कापसाने चोळायचं, मग धारेची पांढरी लहर उठवायची, पाठीवर पोलादी सुईने चकाकी द्यायची आणि शेवटी टोक वेगळं करायचं. हे शिकायला साधारण दहा वर्षं उमेदवारी करतात. पाश्चात्त्य देशांतल्या प्रशिक्षित पॉलिशरकडे इंचाला शंभर डॉलरच्या वर दर असतो. २५ इंचांच्या पात्याचं गणित तुम्हीच करा.

आणि प्रत्येक पॉलिशमध्ये पातं झिजतं. वारंवार पॉलिश झालेल्या पात्यात बाहेरचं घडीचं पोलाद संपून आतलं मऊ, निस्तेज लोखंड डोकावू लागतं. तुमचं पातं स्थिर राहिलं तर पॉलिशशिवाय आणखी शंभर वर्षं काढेल. घाई नाही.

---

धातुवेडा

दुसरा प्रश्न राहिला होता, गंजाचा.

काळा, गुळगुळीत डाग बहुतेक वेळा शांत असतो. लाल-नारिंगी, बोटाला पूड लागणारा गंज जिवंत. थांबवायचा आहे तो दुसरा.

सुरुवात जुनं तेल काढण्यापासून. आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचंच हवं. मेडिकलच्या दुकानात मिळतं ते ७० टक्क्यांचं, त्यात उरलेलं पाणी असतं. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ९९ टक्क्यांची बाटली मिळते. मऊ सुती कापडाची घडी पाठीच्या बाजूने पात्यावर बसवा आणि बुडापासून टोकाकडे एकाच दिशेने ओढा. मागे-पुढे घासायचं नाही, कारण सुटलेला गंजाचा कणच सॅंडपेपरचं काम करतो. कापड दर ओढीला नवीन. अल्कोहोल म्यानाच्या रंगाला आणि फितीला लागू देऊ नका.

चित्रपटात पांढऱ्या पुडीच्या गोंड्याने पातं थोपटतात, ती उचिको. दगडाचीच भुकटी आहे. गंज असलेल्या पात्यावर ती वापरणं म्हणजे ओरखड्यांना आमंत्रण. ऑनलाइन संचातली तर अजिबात नको, तिच्यात काय कुटलंय याचा भरवसा नसतो.

लाल डागांवर पातळ खनिज तेल लावून दोन-तीन दिवस ठेवा, रोज पुसा, पुन्हा लावा. त्यानंतर वर उचललेली खपली असेल तर तेवढीच, तेलातच, पोलादापेक्षा मऊ वस्तूच्या अणकुचीदार टोकाने. पुस्तकांत हरणाचं शिंग किंवा हस्तिदंत लिहिलेलं असतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबरशिंग बाळगणंही गुन्हा आहे, तेव्हा म्हशीच्या हाडाची किंवा बांबूची काडी घ्या. खपली निघाली की थांबा. खाली खड्डा दिसेल, तो तसाच राहू दे.

शेवटी शिलाई मशीनचं तेल किंवा लिक्विड पॅराफिन. ६० सेंमी पात्याला तीन-चार थेंब कापडावर. पात्यावर थेंब जमताना दिसले तर जास्त झालं. खोबरेल, मोहरी, तीळ यांपैकी काही नको, ती हवेत आंबतात आणि चिकट थर धरतात. उघड्या बोटाने पातं शिवायचं नाही. घामातल्या मिठाचा ठसा महिन्याभरात लाल होतो, कोकणात तर आठवड्यात.

---

काळं_तांबं

चौथा प्रश्न माझा. निळसर काळ्या कडेवरून ती शाकुदोची असू शकते. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं, साधारण ३ ते ५ टक्के. पण शाकुदोवरचा थर घासला तर खाली तांबूस निघायला हवं. तुमच्याकडे पिवळट निघालंय. म्हणजे एकतर मधला भाग पितळी मिश्रधातूचा, किंवा सगळी परजच पितळेची आणि वरून काळी केलेली. कडेला एखादी छोटीशी चीर असेल तर ती भिंगाखाली पाहा: आतला धातू लालसर की पिवळा?

काळा रंग लावलेला नसतो, धातूचाच थर असतो. केसापेक्षा कितीतरी पातळ. म्हणून पितांबरी किंवा चिंच एका मिनिटात तो घालवते. जपानी कारागीर तो परत आणतात तो असा: धातू कोळशाच्या पुडीने पूर्ण स्वच्छ करतात, बोटाचा तेलकटपणाही चालत नाही, मग किसलेल्या पांढऱ्या मुळ्याच्या रसातून काढून ताम्रक्षार आणि मोरचुदाच्या उकळत्या पाण्यात हलवत ठेवतात. शाकुदो त्यात काळा होतो कारण सोनं आहे. पितळ त्याच पाण्यात काळं होत नाही, तपकिरी-पिवळं होतं. तेव्हा घरी प्रयोग केलात तर नुसता रंग बिघडेल. त्यात उरलेला मूळ थरही जाईल, आणि तो थरच अस्सलपणाचा पुरावा आहे. सध्या आहे तशी ठेवा. बाजारात मिळणारं काळं करणारं रसायन तर लावूच नका, त्याचा करडा मेणचट रंग लांबूनही ओळखू येतो.

अस्सल की ओतीव, हे घरी पाहता येईल. मधल्या त्रिकोणी भोकाच्या आणि बाजूच्या भोकांच्या आतल्या भिंती भिंगाने पाहा. ओतीव असेल तर साच्याची शिवण किंवा टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. हाताने कापलेलीत कानशीचे माग दिसतात. मधल्या भोकाभोवती छिन्नीच्या टोचण्या असतील तर कोणीतरी ती एखाद्या पात्यावर घट्ट बसवून वापरलेली आहे. भोकाच्या टोकांना तांब्याचे तुकडे ठोकलेले असतील तर ते काढू नका, तीही जुनी बसवणूकच. ६.८ सेंमी म्हणजे वाकिझाशीची, लहान तलवारीची परज. मोठ्या तलवारीची साडेसात-आठच्या घरात जाते. तुमच्या गुंतोशी तिचा संबंध नसावा.

ती लोखंडाची निघाली असती तर गोष्ट सोपी होती: हाडाच्या तुकड्याने लाल गंज काढायचा आणि मऊ सुती कापडाने रोज चोळत राहायचं, महिनोन्‌महिने. तेलसुद्धा नाही.

---

सज्जनगड

सर्वांचे आभार. पेटीत महिनाभर ठेवल्यावर ठोकळ्याने मूठ निघाली. खुंट्या दोन होत्या, दुसरी फितीखाली अर्धी दडलेली.

नाकागो १७ सेंमी, गडद काळपट तपकिरी, गुळगुळीत. भोकं दोन, पैकी एकातूनच खुंटी जात होती. मुठीतली दुसरी खुंटी नाकागोच्या टोकापलीकडून गेलेली दिसते. पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेले आकडे आहेत. छिन्नीने कोरलेली दोन अक्षरं, पहिलं 'काने' वाटतं, दुसरं गंजात बुडालंय. ठोकलेला शिक्का कुठे दिसला नाही. पाठीच्या खाचेपासून टोकापर्यंत ६३.५ सेंमी, बाक १.६.

अल्कोहोलने पुसल्यावर दिव्याखाली धारेला टोकेरी लाटांची पांढरट पट्टी दिसते. पण टोकापासून १४ सेंमीवर धारेला काटकोनात एक केसासारखी रेघ आहे. ती चीर तर नाही ना?

---

गिफूकर

आता मजा आली. आकडे एकत्र वाचू या.

पांढरा रंग जुळणीच्या वेळचा, साज बसवणाऱ्याने घातलेला. पुसू नका. लष्करी साजाचे भाग त्या पात्यासाठीच जुळवलेत याची ती खूण आहे. शोवातोवर बहुधा 'शो' किंवा 'सेकी'चा छोटा शिक्का हाबाकीच्या जवळ असतो. नसणं हा पुरावा नाही, पण बाकीच्या गोष्टींशी जुळतंय. दुसरं भोक साजात वापरलेलं नाही, म्हणजे हे पातं आधी दुसऱ्या मुठीत राहून आलंय. आणि ६३.५ सेंमी लांबी, आखूड नाकागो, टोकेरी लाटांची धार, 'काने'ने सुरू होणारी सही: ही सगळी बोटं मिनो परंपरेकडे, म्हणजे आजच्या गिफू प्रांतातल्या सेकीकडे आणि मुरोमाची काळाच्या उत्तरार्धाकडे (साधारण पंधरावं-सोळावं शतक) जातात. एका हाताने चालवायच्या तलवारी तेव्हा याच मापाच्या, आखूड मुठीच्या होत.

उड्या मारण्याआधी मात्र: 'काने' हे सेकीतल्या शेकडो लोहारांच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि १९४० च्या दशकातल्या सेकीच्या लोहारांनीही तेच वापरलं. फरक नाकागोच्या कानशीच्या मागांत आहे. दिवा अगदी तिरका, जवळजवळ पात्याला समांतर धरा. जुन्या सेकीच्या कामात माग बऱ्याचदा पिसासारखे, मधल्या रेघेपासून दोन्हीकडे उतरते असतात. सहीच्या खोबणीत तळापर्यंत तोच काळा रंग असावा. खोबणीचा तळ उजळ आणि भोवतालचा भाग काळा, तर सही नंतर कोरली. बेभरवशाच्या सह्या जपानी तलवारींत इतक्या आहेत की नाव जितकं मोठं तितका संशय मोठा, कोतेत्सु या नामांकित लोहाराच्या सहीवर तर जाणकार आधी अविश्वासच दाखवतात.

सही वाचायला किंचित टाल्कम पावडर मऊ ब्रशने खोबणीत बसवून फोटो घ्या, मग कोरड्या ब्रशने झाडून टाका. टोक वर आणि धार डावीकडे धरल्यावर सही समोर येत असेल तर ती कातानाची बाजू. धार उजवीकडे धरल्यावर येत असेल तर ताचीची, म्हणजे धार खाली ठेवून कमरेला लटकवायच्या तलवारीची.

---

धातुवेडा

चिरेचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. धारेला काटकोनात गेलेली चीर, हागिरे, हा पात्याचा सगळ्यात वाईट दोष. ती पॉलिशने जात नाही, वेल्डने भरत नाही, आणि असलेल्या पात्याला पॉलिशवर खर्च करण्यात अर्थ नाही. आणि तुम्ही सांगितलेली जागा, टोकाकडचा मारा करायचा भाग, नेमकी तिचीच.

पारख अशी. १० पट भिंग घ्या. आधी दोन्ही बाजू पाहा. हागिरे आरपार असते, त्यामुळे दोन्ही अंगांना त्याच जागी दिसते. ओरखडा एकाच बाजूला. मग दिव्याची दिशा बदला: ओरखडा एका कोनात चमकतो आणि दुसऱ्यात नाहीसा होतो, चीर काळीच राहते. तरी शंका असेल तर जागा अल्कोहोलने कोरडी करा, एक थेंब तेल लावून दहा मिनिटं ठेवा, पूर्ण पुसा, पुन्हा अल्कोहोलचा हलका हात फिरवा आणि भिंग लावून बसा. चिरेत शिरलेलं तेल काही मिनिटांत बारीक ओल्या रेघेने वर येतं. पातं वाकवून पाहू नका. चीर असेल तर तिथेच तुटेल.

---

सज्जनगड

रेघ एकाच बाजूला आहे, दिवा फिरवला की जाते. तेल आलं नाही. कानशीचे माग सहीच्या बाजूला तिरके दिसतात, दुसऱ्या बाजूला झिजलेत. खोबणी तळापर्यंत काळी आहे. परजेच्या कडेची चीर पिवळी निघाली, म्हणजे पितळच.

आता परत जोडताना काही काळजी? मूठ थोडी सैल बसते आहे.

---

धातुवेडा

मग ओरखडाच. छान.

जोडण्याआधी म्यान साफ करा, नाहीतर पात्यावरचं काम वाया. या नमुन्याच्या म्यानाच्या तोंडाशी बाजूने छोटे स्क्रू असतात, ते काढले की आतलं लाकडी अस्तर ओढून निघतं. बांबूच्या काडीला सुती कापड गुंडाळून अस्तर आतून कोरडंच पुसा, उलटं करून झटका. आत तेल ओतायचं नाही.

क्रम: हाबाकी, तुमच्या फोटोप्रमाणे सेप्पा, परज, उरलेल्या सेप्पा, मग मूठ. मूठ बसवताना टोक वर धरून मुठीच्या बुडावर तळहाताने खालून वर ठोका, म्हणजे पातं स्वतःच्या वजनाने आत बसतं. खुंटी जुनी नीट असेल तर तीच. नवी हवी तर जुन्या, पूर्ण सुकलेल्या भरीव बांबूची सालीकडची बाजू घेऊन तासा, भोकाच्या मापाची, निमुळती. पेन्सिल, स्क्रू, प्लॅस्टिक काही नको. सैलपणा घालवायला एमसील किंवा फेविकॉल भरू नका, पुढच्या वेळी मूठ फोडूनच काढावी लागेल. तलवार कोणी चालवणार नाही, तेव्हा किंचित सैल चालेल.

जुनी फीत उसवून नवी गुंडाळू नका, उसवली की लष्करी साजाचं मूळपण गेलं. म्यान कोरडं झालं असेल तरच पातं त्यात ठेवा, धार वर, आडवं. शंका असेल तर पावसाळाभर पातं म्यानाबाहेर, तेल लावून, धुतलेल्या सुती कापडात, लाकडी पेटीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा चामड्यात नाही. एरवी तेल तीन महिन्यांनी, जून ते सप्टेंबर दर महिन्याला. पुढचा हात गौरी-गणपतीच्या आधी मारून घ्या, आणि नाकागोचे तिरक्या दिव्यातले दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका, दुसरं अक्षर लागतंय का बघू.